छत्तीस पूर्णांक चार

सव्वानऊला दार सरकतं. तेही पुरतं नाही,
एक अंग आत येईल एवढंच.
मी मान वर न करता थर्मामीटर पुढे धरते.
तो काखेत, भिंतीवर घड्याळ, आणि आम्ही दोघं
मिनिटभर एकमेकांच्या सपातांकडे बघत बसतो.
छत्तीस पूर्णांक चार.
दीड वर्ष झालं, छत्तीस पूर्णांक चार.

शाळेच्या आजारखोलीतली माझी वही:
नाव, इयत्ता, ताप, कारण.
कारणाच्या रकान्यात मी लिहिते, पोटदुखी.
खोटं नाही ते. हजेरीत आपलं नाव जवळ येऊ लागलं
की पोटात गोळा उठतो, तोंडाला कोरड पडते,
आणि ‘हजर’ हा एवढासा शब्द
त्याच्या जिभेवर बसल्या जागी सुकतो.

नाव सावागुची रेनान.
पणजोबा हे आडनाव घेऊन बोटीत चढला
तेव्हा ते चित्रलिपीत होतं: ओढ्याचं मुख.
ब्राझीलमधल्या कॉफीच्या मळ्यांतून
चौथ्या पिढीला परत आलं, हामामात्सुला,
तर कचेरीतल्या माणसानं ते
परक्या शब्दांसाठी राखलेल्या टोकदार अक्षरांत उतरवलं.
उच्चार तोच. ओढा गेला.
तिकडे आम्हाला अख्खी गल्ली जपानी म्हणायची,
आणि इथे... त्याची आई सांगत होती,
रात्रपाळीहून थेट आलेली, हातांना यंत्राच्या तेलाचा वास.
वाक्य तिनं तिथंच सोडलं.
मी नम्रपणे मान हलवली. तेवढं आम्हाला छान जमतं.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एकच शब्द होता.
तिनं तो फोनमध्ये घालून पाहिला.
फोननं काय सांगितलं कोण जाणे,
ती म्हणाली, पण घरी तर हा पोटभर जेवतो.

मंगळवारी दहाच्या सुमारास
सातवीतली एक नवी मुलगी आणून सोडली. जुसारा.
गुडघे छातीशी.
मी विचारलं, कुठे दुखतं? मग मोठ्यानं विचारलं,
जणू ती बहिरी आहे.
मग पोटाचं चित्र काढलं. त्याचा बटाटा झाला.

पडद्यामागच्या खाटेवरून कुणी बोललं
आणि क्षणभर मला वाटलं, खोलीत मोठा माणूस शिरलाय.
खालच्या पट्टीतला, भरदार, नाकातून वळसे घेणारा आवाज.
त्याचाच. केव्हाच फुटून पुरा झालेला;
आमच्या भाषेत त्यानं तो बाहेर काढलाच नव्हता.
मला कळलं एवढंच, की तो स्वतःचं नाव सांगतोय
आणि ते रेनान नाही. हेनाँ.
अक्षरं तीच, घरी ती अशी वाजतात म्हणे.

“ती म्हणते, दुखतंय, पण बोट ठेवता येत नाही.”
हे मला. पुन्हा तो कागदाच्या कडेसारखा आवाज.
“मग तू काय म्हणालास?”
“माझंही तसंच. कधीकधी अकरापर्यंत थांबतं.”

मग मी सांगून टाकलं, जे कुणाला सांगत नाही.
मी पार उत्तरेची, त्सुगारूकडची.
आमच्याकडे पोट बारीक दुखत राहिलं की ते ‘निया-निया करतं’.
इकडे निया-निया म्हणजे गालातल्या गालात हसणं.
नर्सिंगच्या पहिल्या वर्षी, वसतिगृहात, मध्यरात्री कळवळत
मी म्हणाले, माझं पोट निया-निया करतंय,
आणि सहा जणी उशीत तोंड खुपसून हसल्या.
पुढची तीन वर्षं प्रत्येक वाक्य
आधी मनात घोकलं, मग बोलले.
पाव विकत घेतानासुद्धा.

तो हसला नाही.
जुसाराला मात्र सांगत बसला, हातवारे करत, लांबण लावून;
मी सांगितलं त्याहून बरंच जास्त होतं ते.
तिचा एक पाय खाली आला.

बुधवारी सव्वानऊला दार सरकलं. तेवढंच.
छत्तीस पूर्णांक चार.
नावाच्या पहिल्या अक्षरापाशी माझा पेन अडला.
“काय लिहू?”
त्यानं बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं.
“रेनानच लिहा. वहीत रेनान.”
मग कारणाच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाला,
“इथे मात्र तुमच्या गावचं लिहा.”