टॉलरन्स

सातपूरच्या शेडमध्ये एकतीस वर्षं
मी पिना मोजल्या.
दोन शतांश मिलिमीटर इकडे, दोन तिकडे,
त्यापलीकडचं सगळं लाल क्रेटमध्ये.
पिनेला कुणी विचारलं नाही, तू अशी का.
मीही नाही.

निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ,
आणि साहेबांची नजर चुकवून खिशात घातलेला
हा व्हर्नियर.

आता रविवारी चिंधू लिलकेच्या होडीतून
गंगापूरच्या पाण्यात, ससाणटेकावर जातो.
धरण भरायच्या आधी ती गायरानाची टेकडी होती,
चिंधूचा आजा तिथं म्हशी चारायचा.
मग पाणी चढलं, गाव उठलं,
टेकडी तिथंच राहिली
सगळीकडून कापून ठेवल्यासारखी.
तिच्यावरचं गवत राहिलं
आणि गवतातली ती तपकिरी फुलपाखरं,
ज्यांना चिंधूच्या घरी मातकुळी म्हणतात.

जाळीतून एक काढायचं.
दोन बोटांत पंख मिटून धरायचे, श्वास रोखून
(पिनेसाठी कधी रोखला नव्हता),
मुळापासून टोकापर्यंत मोजायचं,
वहीत लिहायचं, सोडून द्यायचं.
बोटांवर पूड राहते.
ती धुवायची मी घाई करत नाही.

काठावरची : एकवीस पूर्णांक चार. एकवीस पूर्णांक सहा.
टेकावरची : वीस पूर्णांक एक. एकोणीस पूर्णांक नऊ.
पाच वर्षं. अकराशे बारा पंख.

काठावरच्या पंखांचे चोचीनं तुकडे गेलेले,
डोळ्यासारखा ठिपका जिथं, नेमके तिथंच.
कोतवाल फसतो, डोळा समजून कड टिपतो,
उरलेल्या पंखावर जीव घरी जातो.
टेकावर झाड नाही, कोतवालाला बसायला फांदी नाही.
तिथल्या ठिपक्यांचं काजळ फिकट.
कुणी यायचंच नसलं
की माणूस दाढी करायचं सोडतो, तसं.
(उन्हाळ्यात सगळ्यांचेच ठिपके विझतात,
म्हणून मोजणी फक्त पावसानंतरची.)

चिंधूला आकडे वाचून दाखवले.
वल्हं आडवं ठेवून तो म्हणाला,
"सोपं हाय. ज्यांचे पंख मोठे
ते उडाले पाण्यावर. वाऱ्यानं नेले, माशांनी खाल्ले.
घरी बसले त्यांची पोरं ही."

एवढं सोपं नसावं.
गवत तिथं बारीक, अळी अर्धपोटी.
उपाशी लेकरू खुजं राहतं,
त्याला वंश कशाला लागतो?
धरणाची वर्षं गुणिले वर्षातल्या पिढ्या,
गुणाकार केला, खोडला, पुन्हा केला.
शेवटी लिहिलं : कारण माहीत नाही.
कारखान्याच्या तक्त्यात असा रकाना नव्हता.

यंदा वैशाखात पाणी फार उतरलं.
टेकडी आणि काठ यांच्यामध्ये आधी चिखल, मग भेगा,
मग जुन्या गावाची पायवाट वर आली
शिंपले चिकटलेली.
चिंधू होडी सोडून चालत निघाला. मी मागे.

टेकडीच्या पायाशी, पाण्याची जुनी रेघ होती तिथं,
एक मातकुळी उठली.
हातभर काठाकडे गेली,
पांढऱ्या रेघेवर थबकली,
वळली, पुन्हा गवतात.
पुढं पाणी नव्हतं. काहीच नव्हतं.
दुसऱ्यांदा उठली, पुन्हा तिथूनच वळली.
व्हर्नियर खिशात होता. खिशातच राहिला.

खाली चिंधूला एक उंबरा सापडला होता,
काळा दगड, मधोमध झिजलेला.
जे घर त्यानं कधी पाहिलं नव्हतं
त्याच्यापुढं त्यानं चपला काढल्या.
भिंत कुठंच उरली नव्हती, कुठूनही जाता आलं असतं,
पण तो मान जराशी वाकवून
दारातूनच आत गेला.