चौफुला

हेडली पर्नेल मला दगड शिकवतो.
वेल्समध्ये, बसस्टँडमागच्या शेडमध्ये,
जिथला हीटर फक्त किटलीच्या मापाचा.

आधी चौकोन काढ, म्हणाला.
आता कंपासचं टोक कोपऱ्यावर ठेव,
बाजूच्या अर्ध्याइतका उघड, फिरव.
चारी कोपऱ्यांवर तसंच.
वर्तुळं एकमेकांना जेमतेम टेकायला हवीत,
घुसायला नकोत.
मग आतलं सगळं पूस.

जस्ताच्या पत्र्यावर उरली
एकच रेघ, चार पाकळ्यांची.

चर्चच्या मनोऱ्यावरच्या कठड्यात
अशी अठ्ठावीस फुलं आहेत.
एक गेल्या जानेवारीच्या हिमानं फुटलं,
कबरींवर पडलं. कोणाला लागलं नाही.
तिथे खाली होते त्यांना
लागण्यासारखं काही उरलं नव्हतं.

याचा अर्थ काय? मी विचारलं.
पाद्रीबाई म्हणतात, चार शुभवर्तमानं.
दाराशी पोस्टकार्डं विकणारे काका म्हणतात,
चार पानांचं क्लोव्हर, सापडलं तर नशीब.
आणि कुणा उमरावाच्या ढालीवर
पाकळ्या दुप्पट, आठ, असल्या
तर ओळखायचं, हा नववा मुलगा:
जमीन थोरल्याला, याला फूल.

हेडलीनं कानामागची पेन्सिल काढली.
वारा, म्हणाला.
मेंडिपवरून येतो तो.
भरीव कठडा त्याच्याशी भांडतो आणि हरतो.
म्हणून भोक.
आणि भोक पाडायचंच आहे तर
(पुढचं त्यानं बोलून नाही,
छिन्नी उचलून सांगितलं.)

तीन आठवडे मी फूल कोरत नव्हते,
फूल काढून टाकत होते.
राहिला तो दगड फुलाच्या भोवतालचा.
पाकळी सोपी, ती गोल आहे, हात आपोआप वळतो.
जीव जातो तो दोन पाकळ्यांमधल्या टोकापाशी.
आत वळलेलं, बोटभर, बारीक.
सगळ्यात जास्त दिवस त्याला लागतात
आणि हिमात पहिलं तेच तुटतं.
चार टोकं नसती
तर हे नुसतं भोकच होतं.

तुमच्यात काय म्हणतात याला?
चौफुला, मी म्हटलं.
पितळी डबा असतो, चार खणांचा.
आईचा होता, बार्शीहून आणलेला.
हळद, कुंकू, अक्षता, सुपारी.
बाबा गेले त्या महिन्यात तिनं
एक खण चिंचेनं घासला, दोनदा, तीनदा,
तरी सांध्यात लाली राहिली ती राहिलीच.
हे मात्र मी सांगितलं नाही.

त्यात काय ठेवतात? त्यानं विचारलं.
सुया, मी म्हटलं. शिवणयंत्राच्या.
त्यानं मान हलवली,
हेही बरोबरच असल्यासारखी.

मार्चमध्ये कप्पीनं दगड वर चढवला,
चुन्यात बसवला. खालून पाहिलं
तर नवीन कुठला ते रंगावरूनच कळतं,
सायीसारखा; बाकीचे शेवाळलेले.
आत चार पाकळ्यांचं ढग.
चौथ्या दिवशी जॅकडॉनं त्यात एक काडी ठेवली.
हेडली म्हणाला, ठेवणारच.

शेडमध्ये बादली भरली होती:
जे काढलं ते, भुगा आणि कपच्या,
म्हणजे खरं पाहता
फूल ते होतं.
त्यानं उचललं, गाडीत घातलं.
भाजीच्या वाफ्यांमधली वाट
पावसानं फार चिकट होते म्हणे.