अमान्य फंड

जिनिंग बंद पडून तीन वर्षं झाली
आणि परवा फंड सुटला.
घाटंजीच्या सेतूत प्रणोती म्हणते,
काका, हा फंड मान्यताप्राप्त नाही.
म्हटलं, बावीस वर्षं दर महिन्याला कापला,
तवा कोणी इचारलं नाही, बाप्पा.

ती रक्कम फोडते पडद्यावर,
जसा ओला-सुका कापूस मी वेगळा काढायचो:
तुमचे भरलेले, त्यावर काही नाही.
त्याचं व्याज, इतर उत्पन्न.
मालकाचा वाटा, व्याजासकट,
पगार.

पगार?

मी मापारी. बारदान वजा केल्याशिवाय
एक आकडा लिहिला नाही कधी.
काटा भंगारात गेला,
शेडमध्ये नेहाऱ्याच्या बकऱ्या बसतात,
छातीत अजून रुई आहे, तिला रकाना नाही,
आणि यंदाच्या विवरणपत्रात माझ्या नावापुढे
पगार.

कर शून्य, ती म्हणाली,
बँकेनं कापलेलेही परत येतील.
येतील तवा येतील.
त्या पानाची प्रत काढ, पोरी.
दहा रुपये होतील, काका.
दिले.

घरी इंदूच्या हातात कागद ठेवला.
चष्मा चाचपत ती म्हणाली,
कोण्या महिन्याचा?