दुरुस्तीची पावती

ऑरविल टिन्सलीचं संगीत मला कधीच कळलं नाही.
हे आधीच सांगून टाकतो,
म्हणजे पुढचं खोटं वाटायला नको.
मी शाळकरी पोरांचे क्लॅरिनेट सांधणारा,
टोलेडोच्या पूर्वेला
काचकारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावणारा फेरेंत्स.
तो मला फ्रँक म्हणायचा.

त्याचा टेनर मात्र मला तोंडपाठ होता.
सॅक्सोफोन उघडला की काही लपवत नाही:
अंगठ्यानं कुठं पितळ खाल्लंय,
कुठल्या गादीचं कातडं थुंकीनं काळं पडून फाटलंय.
इतरांच्या गाद्या मधल्या सुरांत आधी जातात.
याच्या जायच्या दोन्ही टोकांना.
मधल्या घरांत जणू कुणी राहतच नव्हतं.

सदुसष्ट साली पहिली तबकडी. तीनशे प्रती, पदरमोड करून.
लाव्हिनियानं, त्याच्या बायकोनं,
बटाटा कापून ठसा केला
आणि जेवणाच्या टेबलावर एकेक वेष्टण छापलं.
माझ्याकडची एकशे चौदावी.
तिच्यावरचा ठसा फिका आहे; तोवर बटाटा दमला असावा.
ती लावली तर कुत्रा पलंगाखाली गेला.
इलोना म्हणाली, यंत्र बिघडलंय,
आणि सांगायला लाज वाटते,
मी खरंच सुई बदलून पाहिली.

डॉर स्ट्रीटवरच्या क्लबात तो शुक्रवारी वाजवायचा.
तिसऱ्या शुक्रवारी मालकानं ज्यूकबॉक्स लावला,
हा वाजवत असतानाच.
हा म्हणे थांबला नाही. त्या गाण्यात शिरला
आणि आतून एकेक टाका उसवत गेला.
पैसे परत मागायला उठलेली माणसं
दारातच खोळंबली, कोट अर्धे घातलेले.
चौथ्या शुक्रवारी तिथं बिलियर्डचं टेबल आलं.

मग रात्रपाळी. गाड्यांच्या पुढच्या काचा,
कोपरापर्यंत हातमोजे. सहा वर्षं.
टेनर माझ्या फळीवर.
"गहाण नाही, फ्रँक. नुसता ठेव.
घरी असला की बघत बसतो माझ्याकडे."
मी महिन्याच्या महिन्याला तेल देत गेलो.
त्याचं बिल केलं नाही. त्यानं विचारलंही नाही.

आणि एक दिवस गेंटहून पत्र.
कुणा बेल्जियन पोराला रद्दीत नववी प्रत सापडली होती.
रिकामं चर्च, दोन माइक, जाण्यायेण्याचं भाडं.
निघायच्या आदल्या संध्याकाळी हा दारात:
जी-शार्पची स्प्रिंग तुटलेली.
माझ्याकडे त्या मापाची नव्हती.
इलोनाच्या शिवणयंत्राची सुई कापली, तापवली, बसवली.
जरा ताठच बसली; किल्ली मिटताना खट्ट करायची.
"टिकेल?"
"जाऊन येशील एवढी टिकेल."

ती तबकडी मी एकट्यानं ऐकली, दुकान बंद करून.
दुसरी बाजू. नवव्या मिनिटाच्या आसपास
तो एक लांब सूर सोडतो, दगडी भिंती तो परत करतात,
आणि मग काहीच नाही.
त्या काहीच नाहीमध्ये: खट्ट.
मला दरदरून घाम फुटला.
एवढ्या लांब, एवढ्या खर्चानं, आणि माझं काम!
पुन्हा खट्ट. मग दोनदा. मग भरभर.
चार मिनिटं त्यानं फुंकलंच नाही,
नुसती बोटं वाजवली
इलोनाच्या पडदे शिवायच्या सुईवर.

जाणकार त्या चार मिनिटांवर बरंच लिहितात:
मौन, मृत्यू, कापसाची शेतं.
असेलही. माझं शिक्षण आठवीपर्यंतचं.
परत आल्यावर त्याला विचारलं, नवी स्प्रिंग घालू का,
तर त्यानं टेनर छातीशी धरला,
पोराचा दात काढायला निघालो होतो जणू.

परवा लाव्हिनिया पेटी घेऊन आली. विकायचाय म्हणाली.
घासूनपुसून दिला. पावती अशी:
गाद्या, सगळ्या नव्या.
बूच, मानेचं.
अंगठ्याखालचं पितळ झिजलेलं, भरलं नाही.
जी-शार्प: आवाज येतो.
येऊ दिला.