पुढे वाटी, मागे गोटी

कपाट सातवं, खालून दुसरा खण.
तेवीस वर्षं मी तो पुसते आहे.
आत शेपटीचा एक मणका. खरा नाही, प्लास्टरचा.
मुठीत मावत नाही, ओंजळीत मावतो.
रिबेलो मॅडम नव्या पोरांना दरवर्षी तेच सांगतात:
बघू नका नुसते, हात लावा.
पुढे वाटी, मागे गोटी.
एकाची गोटी मागच्याच्या वाटीत,
अशी अख्खी शेपूट.

आज म्हणाल्या, धोत्रे, ही चिठ्ठी काढा.
चिठ्ठीवर अक्षर माझंच,
टायटॅनोसॉरस इंडिकस, जबलपूर.
का हो, मेला का?
तो मेलेलाच होता, म्हणाल्या, आता नावही गेलं.

कुण्या साहेबानं दीडशे वर्षांमागं
मोजक्या हाडांवरून बारसं केलं.
तेव्हा अशी वाटी, अशी गोटी
कुणाच्या फारशी पाहण्यात नव्हती.
मग अर्जेंटिनात निघाली, मादागास्करला निघाली,
आपल्या चंद्रपुराकडं डोंगरगावच्या मातीत निघाली.
सगळ्यांनाच असेल तर ती खूण कसली?
हरवलेल्या पोराची ओळख सांगावी
'दोन डोळे आहेत त्याला',
तसं झालं.

बाकीच्यांचं निभावलं.
डोंगरगावचा तो, आखूड अंगाचा, लांब मानेचा,
त्याला एका संस्थेच्या आद्याक्षरांचं नाव मिळालं: इसिसॉरस.
जैनोसॉरस आधी दुसऱ्याच घरात नांदत होता,
तिथलं त्याचं नाव फोडलं तर अर्थ निघायचा
उत्तरेकडचा दक्षिणी सरडा.
म्हणजे अंधेरी पूर्व, स्टेशनच्या पश्चिमेला.
बारापासॉरसचे पाय मिळाले, पाठ मिळाली,
डोकं काही मिळालं नाही,
तरी त्याचं नाव शाबूत.
डोकं नसलं तर चालतं, मॅडम.
चालतं, म्हणाल्या. वेगळेपण दिसलं पाहिजे.

आणि गंमत बघा, धोत्रे,
त्या सगळ्या कुळाला अजून ह्याचंच नाव.
टायटॅनोसॉर म्हणतात जगभर.
हा तेवढा यादीत नाही.

मी हसले नाही.
आमच्याकडे गिल्बर्ट हिलच्या पायथ्याशी
सार्वजनिक नळाशेजारच्या भिंतीवर
सोमवारी यादी लागली.
अनुक्रमांक एकशे बेचाळीस,
धोत्रे यल्लाप्पा हणमंता.
पुरावा अपुरा. अपात्र.
रिक्षावाले म्हणतात यल्लाप्पा गल्ली,
गॅसवाला म्हणतो, पोस्टमन म्हणतो,
बिल्डरच्या नकाशावरसुद्धा
बारीक अक्षरात छापलंय: यल्लाप्पा गल्ली.

बाप वडार. दगडाला शीर असते म्हणायचा,
कान लावून ऐकायचा, मग घाव घालायचा.
ते काळे उभे खांब त्यानं हातानं उतरवले.
मॅडम सांगतात, तो दगड पातळ होऊन वाहत होता
त्याच सुमाराला ही जनावरं
इथल्या मुलखात शेवटची चालत होती.
बापाला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं.
रोज तीन ब्रास, आणि संध्याकाळी पाठ शेकायची.
मी त्याच्या पाठीवर तेल चोळायची तेव्हा
एकेक मणका बोटाखाली यायचा.
मोजले नाहीत कधी.

नवी चिठ्ठी लिहिली:
टायटॅनोसॉर कुळ. जाती अनिश्चित.
मॅडम, ह्याला हरकत नोंदवता येते?
कुणी?
कुणीही.
येते की. नवा पुरावा आणावा लागतो.
त्याच टेकडीतून, त्याच थरातून.
कवटी मिळाली तर फारच उत्तम.

गुरुवार शेवटची तारीख आहे.
विजेचं बिल दोन हजार तीनचं, ते चालत नाही.
रेशनकार्ड पंचवीस-सव्वीस जुलैला भिजून लगदा झालं.
पत्र्याच्या पेटीत बापाची छिन्नी आहे,
पुढे धार, मागे
हातोड्याखाली फुलून कमळासारखं झालेलं डोकं.
नाव नाही तिच्यावर.

तीच नेणार आहे कचेरीत.
साहेबांच्या टेबलावर ठेवीन,
आणि म्हणेन,
बघू नका नुसते,
हात लावा.