चौदाचा पाना

दिसते म्हातारी, पण आहे सहाच वर्षांची.
गोल दिवा, टपोरी टाकी, टाकीवर सोनेरी रेघ.
विकणारा ग्लिन म्हणाला, दोनच मालक झाले,
दोघेही भित्रे.
मी तिसरी.

अठराशे पौंड तिथेच गेले. मग विम्याचा कागद आला
आणि कळलं, चार आण्यांची कोंबडी
इथेही बारा आण्यांच्या मसाल्यातच शिजते.
गॅरेजवाल्याचा तासाचा दर वाचला,
वही मिटली,
आणि बाह्या वर केल्या.

केथ्लीत रस्ता म्हणजे चढ, नाहीतर उतार.
सपाट जागा एकच, शेजारच्या डोरीनची मागची फरशी.
तिथे ताडपत्रीखाली गाडी,
खाली कॉर्नफ्लेक्सचं खोकं उलगडून पसरलेलं,
तेल ठिबकतं म्हणून.

नोव्हेंबरपासून पालिकेची गाडी रात्री मीठ फेकत जाते.
बर्फ वितळतो. लोखंडही, जरा सावकाश.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात;
हिने दोन महिने इथलं मीठ खाल्लं
आणि स्पोकच्या मुळाशी
तांबूस पुटकुळ्या उठल्या.
मी टूथब्रशने घासते, माझाच जुना.
गरम पाणी आणलं तर डोरीन खिडकीतून ओरडते,
थंडच ओत! गरमानं मीठ जास्त चावतं!

साखळी मधोमध बोटानं उचलून बघायची,
पेरभर हलली पाहिजे.
घट्ट केली तर तुटेल, सैल सोडली तर उतरेल.
हे पुस्तिकेत चोविसाव्या पानावर आहे.
आई हेच सांगायची,
सासरच्या माणसांबद्दल.

डोरीनचा नवरा अर्नी गिरणीत फिटर होता.
त्याची पान्यांची पेटी तिने उघडून दिली,
प्रत्येक पाना हिरव्या फ्लॅनेलच्या कप्प्यात,
सगळे इंचांतले.
नऊ-सोळांश माझ्या चौदाच्या नटावर बसला.
जवळजवळ.
पाव मिलिमीटरची तर गोष्ट!
जोर लावला. पाना सटकला, नटाचे कोपरे गोल झाले,
आणि माझ्या बोटांची साल सायलेन्सरवर राहिली.

सांगलीहून ताई विचारते, बरं चाललंय ना?
मी म्हणते, जवळजवळ.

रात्रपाळीला इस्पितळाच्या चादरी घड्या करते.
नखांतलं काळं निघत नाही.
तिसऱ्या चादरीवर ठसा उमटला
तेव्हा नसरीनबाजीनं काही न बोलता
हातमोजे पुढे केले,
आणि चहाच्या सुट्टीत हळूच विचारलं,
मागे बसता येतं का गं हिच्यावर?

रविवारी बाजारात, फुटक्या बशा आणि
एकेकट्या बुटांच्या ढिगात, चौदाचा पाना मिळाला.
दोन पौंड म्हणाला, दीडला दिला.
त्या गोल झालेल्या नटाला कानशीनं पुन्हा कोपरे काढले,
पुरती दुपार गेली,
पण निघाला.
नवा नट चाळीस पेन्स.
वहीत लिहिलं. दुपार लिहायला रकाना नव्हता.

काम झाल्यावर पाना पुसून खिशात टाकत होते,
डोरीननं हात पुढे केला.
पेटीत अर्ध्या इंचाचा आणि नऊ-सोळांशचा
थोडा थोडा सरकवून
मध्ये फट केली, तिथे तो ठेवला.
अर्नी चिडला असता, म्हणाली,
मिलिमीटरचं नाव काढलं की त्याचं डोकं फिरायचं.
आणि झाकण लावताना
क्षणभर हात तसाच वर राहिला.

आज सकाळी अंधारातच किक मारली.
पहिली, दुसरी. चौथीला खोकली,
सातवीला लागली.
वरच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी आपटून लावली.

मी वाकून खोक्यावर टॉर्च मारला.
दोन थेंब.
काल पाच होते.