दोनाची तीनवर

अक्कलकोट रोडच्या चढावर गाडीनं मान टाकली.
ऊन बेचाळीस. मागच्या सीटवरचं गिऱ्हाईक
घड्याळ बघत होतं, मला बघत नव्हतं.

नरसय्या गुंडेटीनं आधी बॉनेट उघडलंच नाही.
सायलेन्सरपाशी उकिडवा बसला,
धुरासमोर तळहात धरून.
फट फट फट, आणि एक गाळलेला.
"चारातला एक उपाशी हाय."

स्कॅनर म्हणाला, दोन.
त्यानं दोनाची कॉइल तीनवर बसवली, तीनाची दोनवर,
बाकी कशाला हात नाही.
"आता बघू, दुखणं कुणासंगं जातंय."

गाडी थरथरली. स्कॅनर म्हणाला, तीन.

"म्हंजे जागा चांगली. हीच फुटलीया."
रबरी बुटावर केसाएवढी चीर,
कडेला पांढुरकी रेघ;
ठिणगी प्लगपर्यंत न जाता
इथूनच लोखंडात पळायची.

"आत काय असतं?"
"कांडी. तांब्याची. हजारो येढे.
सुताच्या भरल्यात मी वीस वर्षं, मागावर.
धागा तुटला की आवाज बदलतो,
बघायला लागत न्हाई."
माग किलोवर गेला. कान कुणी घेतले नाहीत.

मी म्हटलं, भिवंडी झाली, पुणं झालं,
परत इथं आलो, नरसय्या.
थरथर संगंच आली.

तो हसला नाही.
"दहाचा पाना द्या," म्हणाला.

नवी कॉइल बसली. बिल झालं. गिऱ्हाईक झोपलेलं.
तो पुन्हा मागं जाऊन
धुरासमोर तळहात धरून बसला,
लागतो त्यापेक्षा जास्त वेळ.